हवेपेक्षा अडीचपट जड

सावेडी, नगर
१२ मे २०२५

प्रिय मरिया,
सप्रेम सलाम.

पाकीट बघून दचकू नकोस. बाईंना फोन सुचला नाही का, असं तुझ्या मनात येईल. सुचला होता. पण डॉक्टरांनी माझं बोलणं बंद केलं आहे. बोलायला लागले की आधी शिट्टी निघते, मग खोकला, शब्द राहतात मागेच. चौतीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला आवाज आता स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत जात नाही. मोबाईलवर बोटांनी अक्षरं शोधायला बसले तर दोन ओळींना अर्धा तास लागतो. शिवाय तुझा मोबाईल तुझ्या लेकीकडे, एंजलकडे, तिच्या नर्सिंगच्या वसतिगृहात. म्हणून कागद.

तुझी तब्येत कशी आहे? दवाखान्यातून तुला परस्पर माहेरी नेलं, भेट झाली नाही. मी येणार होते, पण माझंच जमलं नाही. एसटीच्या ड्रायव्हरकडे वाफ घ्यायचं यंत्र दिलं आहे, शिंगणापूरच्या स्टँडवरून कुणाला तरी आणायला सांग. दिवसातून दोनदा वाफ घे. आळस करू नकोस, तुला मी ओळखते.

आता नको असलेलं लिहिते. पंचकमिटीची बैठक झाली. चर्चच्या मागची तुझी खोली महिनाअखेर रिकामी करून मागितली आहे. अकरा वर्षं तू झाडलोट केलीस, घंटा वाजवलीस, हे सगळ्यांना मान्य आहे, पण 'रसायने हाताळण्यात निष्काळजीपणा' असा शेरा त्यांनी वहीत लिहिला. इस्टरच्या आदल्या दिवशी बाप्तिस्म्याच्या हौदात असा वायूचा प्रकार व्हावा, दुसऱ्या दिवशीचे सहा बाप्तिस्मे पुढे ढकलावे लागावेत, हे लोकांच्या मनाला लागलं. मला विचारलं तेव्हा जे घडलं ते मी लिहून दिलं: मी ब्रश आणायला वळले, परत बघते तर पावडरीवर ॲसिड पडलेलं होतं. अगं, ब्लिचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र करायचं नाही, हे नववीत किती वेळा शिकवलं होतं मी तुम्हाला!

असो. तू तिथे बेशुद्ध झालीस. त्या दिवसातलं तुला कितपत आठवतं? डॉक्टर म्हणतात, अशा वेळी माणसाला बरंचसं आठवत नाही. आठवत नसेल तर ताण देऊ नकोस.

तुझ्या,
पुष्पाबाई


शिंगणापूरजवळची वस्ती
ता. नेवासा
२४ मे

आदरणीय बाई,
सलाम.

तुमचं पत्र मिळालं. यंत्रही मिळालं. आईला त्याची लई गंमत वाटते, ती पण वाफ घेते, तिला काही झालेलं नसताना.

मी बरी आहे. रात्री खोकला येतो. जिना नाही, चढ नाही, त्यामुळे दम कमी लागतो. त्या दिवसाचं मला काही आठवत नाही. तुम्ही म्हणता तसंच झालं असेल.

खोली रिकामी करायला एंजल आणि तिच्या दोन मैत्रिणी गेल्या होत्या. भांडी आणि ट्रंक अजिनाथभाऊंनी त्यांच्या पंक्चरच्या दुकानात ठेवून घेतली. एंजलला आता सुट्टीत यायला नगरमध्ये घर राहिलं नाही. शेजारच्यांच्या फोनवर ती नुसती हो हो म्हणाली.

इथं मला एका गोष्टीचं बरं वाटतं. आमच्या घराला दार नाही. तुम्हाला माहीत आहेच, इकडं घरांना नुसती चौकट असते, फळ्या नसतात. आम्ही येशूची माणसं, पण गावाची रीत ती गावाची रीत, आजोबांनी पण दार बसवलं नाही. दवाखान्यात नर्स दार लावून गेली की माझा जीव घाबरायचा. इथं पडल्या पडल्या बाहेरचा लिंब दिसतो आणि झोप लागते.

एक विचारायचं होतं. आमच्या वस्तीच्या पाण्याच्या टाकीवर भिमाजीनाना आहेत, त्यांना आता शिडी चढवत नाही. सरपंच पंकजाताई म्हणाल्या, तू शहरात राहिलेली, दहावीपर्यंत शिकलेली, तू टाकी सांभाळशील का. टाकीत रोज टीसीएल पावडर टाकायची आणि नळाचं पाणी तपासायचं. पावडर म्हणजे तीच. मला भीती वाटत नाही असं नाही. पण काम मिळालं तर एंजलला इथं तरी हक्कानं बोलवता येईल. किती टाकायची, कशी टाकायची, ते नीट लिहून पाठवाल का? नानांचा हिशेब ओंजळीचा आहे.

आणि जमलं तर तुमच्या हातची एक चिठ्ठी द्या, की मला या पावडरीची माहिती आहे. पंकजाताई चर्चमध्ये फोन करून चौकशी करणार आहेत.

तुमची विद्यार्थिनी,
मरिया


सावेडी
२ जून २०२५

प्रिय मरिया,
सलाम.

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. आठवत नाही ते एका अर्थी चांगलंच झालं. मन स्वच्छ राहतं.

आता वही घे. ओंजळीचा हिशेब आजपासून बंद!

क्लोरीन हा एकटा राहू न शकणारा प्राणी आहे. निसर्गात तो मोकळा सापडत नाही, कुणाला तरी धरून असतो. सोडियमला धरून राहिला की त्याचं मीठ होतं. तू भाकरीत घालतेस त्या मिठात वजनानं निम्म्याहून जास्त तोच असतो. आपल्या पोटातल्या आम्लातही तोच, अन्न पचवतो. सुटला मात्र, की हिरवट पिवळा वायू, आणि दिसेल त्याला धरतो. जंतूंना धरतो म्हणून पाणी शुद्ध होतं, रंगाला धरतो म्हणून कापड पांढरं होतं. माणसाच्या नाका-घशातल्या ओलीला धरलं तर तिथे आम्ल तयार होतं. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या खंदकांत हा वायू सोडला होता. खंदकच का, तर तो हवेपेक्षा अडीचपट जड आहे. खोलगट जागा बघून खाली बसतो.

टीसीएल म्हणजे हाच क्लोरीन चुन्याला बांधून ठेवलेला. एक हजार लिटर पाण्याला पाच ग्रॅम. तुमची टाकी पन्नास हजार लिटरची असेल तर अडीचशे ग्रॅम. कोरडी पावडर वरून भुरभुरायची नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत पाण्यात कालवायची, अर्धा तास निवळू द्यायची, चोथा तळाशी ठेवून वरची निवळी टाकीत ओतायची. लोखंडाची बादली चालणार नाही, गंजेल. पोत्याचं तोंड घट्ट बांधून कोरड्या, सावलीच्या जागी ठेवायचं. उघडं राहिलं तर क्लोरीन उडून जातो आणि उरतो नुसता चुना. मग लोक म्हणणार पावडर टाकली, आणि जुलाब चालूच. टाकीत निवळी ओतल्यावर तासभर नळ सोडायचा नाही. मग सगळ्यात लांबच्या घरच्या नळाचं पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात त्या तपासणीच्या औषधाचे थेंब टाकायचे. फिकट पिवळा रंग आला की समज क्लोरीन शेवटपर्यंत पोचला. रंग आलाच नाही तर पावडर कमी पडली. लोक म्हणतील, पाण्याला वास येतो, चहाची चव जाते. त्यांचं ऐकून माप कमी करायचं नाही. नाकाला, तोंडाला ओला फडका. आणि ॲसिड त्या खोलीतही ठेवायचं नाही.

हे लिहिताना मला पुन्हा वर्गात उभी असल्यासारखं वाटलं. काल मात्र नळाखाली तांदूळ धुताना पाण्याला जरा वास आला आणि मी तांदूळ तसेच टाकून बाल्कनीत जाऊन उभी राहिले. होतं असं.

चिठ्ठीचं म्हणशील, तर माझ्यासारख्या निवृत्त बाईच्या चिठ्ठीला कोण विचारतं? असा कागद कमिटीकडूनच आला पाहिजे. कमिटीचे चिटणीस काकासाहेब भेटले की विषय काढीन. तू काम मात्र शिकून घे.

तुझ्या,
पुष्पाबाई


वस्ती
१५ जून

आदरणीय बाई,
सलाम.

तुम्ही लिहिलं तसं भिमाजीनानांबरोबर आठ दिवस केलं. नाना खाली खुर्चीवर बसून बघत होते. पहिल्या दिवशी शेवटच्या घरच्या नळाला रंग आला नाही. पोतं बघितलं तर तोंड उघडं, पावडर गार पडलेली, नुसता चुना. नवं पोतं आणवलं. दुसऱ्या दिवशी पिवळा आला. नाना म्हणाले, "आरं तिच्या, इतकी वर्षं आमी चुनाच पाजीत हुतो की काय!" पंकजाताई पण हसल्या.

मग त्यांनी चर्चमध्ये फोन केला. काकासाहेबांनी वहीतला शेरा वाचून दाखवला. पंकजाताई वाईट नाहीत. त्या मला म्हणाल्या, "मरिया, तुझं काम मला दिसतंय. पन तीनशे घरांचं पानी हाय. उद्या कुनी म्हनलं, जिनं देवळात वायू केला तिला टाकीवर चढवली, तर मी काय सांगू? जुलैअखेर चर्चचा कागद आन, न्हाईतर मला दुसरं मानूस बघावं लागंल."

एंजल म्हणाली, इस्टरनंतरच्या रविवारी उपासनेत तुम्हाला शाल दिली. वेळेवर माणसं बोलावून माझा जीव वाचवला म्हणून. तुमच्या पत्रात ते नव्हतं. बरं झालं, तुम्हाला थंडी सोसत नाही.

बाई, मी तुम्हाला खोटं लिहिलं. मला आठवतं.

सकाळी मी हौदाच्या तळाला पावडर टाकून पाणी शिंपडलं होतं, शेवाळ जावं म्हणून. दुपारी तुम्ही आलात. भिंतीला बोअरच्या पाण्याचा पांढरा खार होता. तुम्ही म्हणालात, उद्या पुण्याहून पाहुणे येणार, हा हौद आहे का म्हशीचं डबकं? त्या खाराला ॲसिडच लागतं, टाक. मी म्हणाले, "बाई, आत पावडर हाय अजून. धुवून काढते, मग टाकते." तुम्ही म्हणालात, वेळ नाही. मी म्हणाले, "बाई, तुमीच सांगितलं हुतं, दोनी एकत्र करायचं न्हाई." तेव्हा तुम्ही म्हणालात, "नववीत विज्ञानात नापास झालेल्या मुलीनं मला विज्ञान शिकवू नये."

मग मी टाकलं.

मी हे कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. सांगणारही नाही. तुमच्यामुळे बोर्डिंगमध्ये मला जागा मिळाली होती, हे मी विसरले नाही. पण 'किती वेळा शिकवलं होतं' असं मला लिहू नका. तुम्ही शिकवलेलं मला पाठ होतं, म्हणून तर मी नको म्हणाले.

लाज मला दुसऱ्याच गोष्टीची वाटते. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी टाकलं नसतं. ठाऊक असून टाकलं, कारण सांगणाऱ्या तुम्ही होता. चव्वेचाळीस वर्षांची बाई मी, एका मुलीची आई, आणि तुमच्यासमोर अजून बाकावर उभी.

तुमची विद्यार्थिनी,
मरिया


सावेडी
९ जुलै २०२५

मरिया,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. चार वेळा लिहायला बसले. प्रत्येक वेळी पहिल्या ओळीत तब्येतीची चौकशी केली आणि कागद फाडला.

तू लिहिलंस त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. मी ब्रश आणायला वळले नव्हते. मी काठावर उभी राहून बोट दाखवत होते.

माझा घसा बसला तो वायूनं, हे डॉक्टर सांगतात. पण आता तीन महिने होत आले, तपासणीत काही निघत नाही, तरी तो सुटत नाही. आपल्याकडे म्हणतात ना, खाई त्याला खवखवे. शाल कपाटात आहे. एकदाही घडी मोडलेली नाही. त्या रविवारी पाळकसाहेबांनी ती खांद्यावर घातली तेव्हा मी मान खाली घातली, आणि लोक म्हणाले, बाई किती नम्र आहेत.

तुला नापास मी केलं होतं. पस्तीस हवे होते, तुला तेहतीस होते. दोन गुण सहज देता आले असते, पण मला माझ्या कडकपणाचा अभिमान होता. आणि त्या दुपारी तेच तुझ्या तोंडावर फेकलं. मला तेव्हा नियम आठवत नव्हता असं नाही. तू आठवण करून दिलीस, आणि तू दिलीस म्हणूनच मला तो ऐकवला नाही. झाडू मारणारी मुलगी मला सांगते, एवढंच माझ्या डोक्यात शिरलं.

येत्या रविवारी उपासनेत सांगणार आहे. आधीच लिहिते आहे, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

पुष्पाबाई


सावेडी
१४ जुलै २०२५

प्रिय मरिया,
सलाम.

काल सांगितलं. कसं सांगितलं ते तुला कळायला हवं, कारण त्यातही माझी फजिती झालीच.

आवाज नाही म्हणून सगळं एका कागदावर लिहून पाळकसाहेबांकडे दिलं, म्हटलं घोषणांच्या वेळी वाचा. त्यांनी तो आधी स्वतःशी वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि लोकांना सांगितलं, "इस्टरच्या प्रसंगाबाबत पुष्पाबाईंना असं वाटतं की त्यांच्याकडूनही सूचना देण्यात थोडा गैरसमज झाला असावा. बाईंचं मन मोठं आहे." आणि कागद घडी करून पवित्र शास्त्रात ठेवला. भला माणूस आहे, मला सांभाळून घेत होता. बायका माझ्याकडे वळून कौतुकानं बघायला लागल्या. क्षणभर वाटलं, झालं की, सांगून झालं, आता बस खाली. बसलेही. खरं सांगते, बसले होते.

मग तुझ्या पत्रातली ओळ आठवली, 'तुमच्यासमोर अजून बाकावर उभी'.

शब्बाथ शाळेचा, मुलांच्या रविवारच्या वर्गाचा, फळा बाजूच्या भिंतीला टेकवलेला असतो, तुला माहीत आहे, तूच पुसायचीस. मी उठले, खडू घेतला आणि लिहिलं. चौतीस वर्षांत माझं फळ्यावरचं अक्षर कधी वाकडं गेलं नव्हतं, काल गेलं. 'ॲसिड टाक असं मी सांगितलं. मरिया नको म्हणाली. दोनदा म्हणाली. मी तिचा अपमान करून टाकायला लावलं. कमिटीला मी खोटं लिहून दिलं.' खाली सही केली. मागे एक तान्हं मूल रडत होतं तेवढंच. शाल पिशवीतून नेली होती, ती टेबलावर ठेवली आणि बाहेर आले.

संध्याकाळी काकासाहेब घरी आले. बसले नाहीत. त्यांनी शेरा खोडून नवा ठराव लिहिला आहे, त्याची सहीशिक्क्याची प्रत आणि माझी चिठ्ठी सोबत जोडली आहे. पंकजाताईंना दे. खोलीबद्दल कमिटी तुला वेगळं लिहील. जाता जाता काकासाहेब म्हणाले, "बाई, माझ्या दोन्ही मुली तुमच्या हाताखाली शिकल्या." एवढंच म्हणाले.

मागच्या पानावर अजून एक गोष्ट लिहिते. ती फळ्यावर लिहिली नाही. ती तुझी आहे.

तुझ्या पहिल्याच पत्रात तू दाराचं लिहिलंस. घराला दार नाही, म्हणून झोप लागते, दार लावलं की जीव घाबरतो. मरिया, तो टोला मला तेव्हाच समजला. मी न समजल्यासारखं दाखवून तुला टीसीएलची मापं लिहून पाठवली. नंतर तू ॲसिडचं सगळं लिहिलंस, पण दाराचं नाव घेतलं नाहीस, तेव्हा तुझं मन केवढं आहे ते मला कळलं. तू मला ते स्वतःहून सांगायला वेळ दिलास. म्हणून सांगते.

हौदातून तो हिरवट धूर वर आला तेव्हा तू आत वाकलेली होतीस. मी 'वर ये' असं ओरडायला हवं होतं. मला ठाऊक होतं तो खाली बसतो, मला ठाऊक होतं की वर, उंचावर, उघड्यावर जायचं. ते मी स्वतःसाठी केलं. पळत बाहेर आले, आणि मागे वळून हौदाच्या खोलीचं दार ओढून घेतलं. मी मनाशी म्हटलं, अंगणात गाण्याच्या सरावाची पोरं आहेत, वायू बाहेर जाता कामा नये. पोरं केव्हाच घरी गेली होती. अंगण मोकळं होतं, ते मला दिसत होतं. तरी मी कडी धरून उभी राहिले.

अजिनाथला मी हाकसुद्धा मारली नाही. वास रस्त्यापलीकडे त्याच्या दुकानापर्यंत गेला, तो आपणहून धावत आला. "बाई, आत कोन हाय?" म्हणाला. मी बोलले नाही. त्यानं माझा हात कडीवरून काढला, बादलीतला फडका तोंडाला बांधला आणि आत शिरला. त्यानं हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पूर्वी मी समोरून गेले की तो 'बाई, सलाम' म्हणायचा, हिंदू असूनही, गमतीनं. आता टायरमधून मान वर करत नाही.

हे सगळं तुला माहीत होतं, आणि तरी तू मला 'आदरणीय बाई' लिहीत राहिलीस. या वयात मला एवढी लाज वाटू शकते हे मला ठाऊक नव्हतं. माफी मागण्याचं तोंड नाही, आणि आवाजही नाही. तू जे ठरवशील ते मला मान्य आहे.

पुष्पा


वस्ती
३० जुलै

बाई,

पाकीट एकोणीस तारखेला मिळालं. वरचे कागद काढून तशीच पंकजाताईंकडे गेले. त्यांनी ठराव दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "उद्यापास्नं चावी तुझ्याकडं." आता मी रोज सकाळी टाकीवर असते. शिडी चढताना मध्ये दोनदा थांबते. मापाला दुकानातून छोटा तराजू आणला आहे. एक म्हातारी रोज म्हणते, चहाला वास येतो, थोडी कमी टाक. मी कमी टाकत नाही.

एंजल येऊन चार दिवस राहून गेली. फळ्याचं तिला तिच्या मैत्रिणीनं सांगितलं होतं. तिनं मला मिठी मारली. इतकी मोठी झाल्यापासून तिनं कधी मारली नव्हती. कमिटीचं खोलीचं पत्र पण आलं. मी परत जाणार नाही, तसं त्यांना कळवलं.

हे सगळं मी तुम्हाला आनंदानं लिहिणार होते. फळ्याचं वाचून मी रडले होते. ठरवलं होतं, तुम्हाला इकडं बोलवायचं, टाकी दाखवायची, शेवटच्या नळाचा रंग दाखवायचा.

मग मागचं पान वाचलं.

बाई, दाराचं मला माहीत नव्हतं.

मी टोला मारला नव्हता. घराला दार नाही म्हणून झोप लागते, एवढंच लिहिलं होतं, कारण तुम्ही तब्येत विचारली होती. दार वाऱ्यानं लागलं असेल असं मी धरून चालले होते. तुम्ही माणसं बोलवायला गेलात, असं मी आईला सांगितलं होतं. एंजललाही तेच सांगितलं. शाल मिळाली तेव्हा मला आतून थोडं बरं वाटलं होतं, की ॲसिडचं काही असो, बाईंनी माझ्यासाठी धाव घेतली.

मला एक आठवत होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ते खरं की भास ते कळत नव्हतं. हौदाच्या पायऱ्यांवर मी हातानं चाचपत वर येत होते. डोळ्यांत आग होती. समोर दाराचा उजेड दिसत होता, उभी पट्टी. त्या पट्टीकडं बघून मी सरकत होते. मग ती बारीक झाली आणि गेली. तिथंच मी थांबले.

मला वाटलं होतं, माझे डोळे गेले.

यंत्र परत पाठवत नाही, आई वापरते. आता तुम्ही मला पत्र लिहू नका. मला लिहावंसं वाटलं तर मी लिहीन.

मरिया